मधला मुलूख

पुण्याजवळच्या वाकड गावठाणातील म्हातोबाच्या देवळापासून पूर्वेकडे काळेवाडीच्या रस्त्याने निघून पवना ओलांडली, की थोड्याच अंतरावर पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचे विस्तीर्ण आवार लागते, ज्याला या भागातील जुनी माणसे आजही नुसते ‘एच.ए.’ म्हणतात; आणि त्याच देवळापासून पश्चिमेकडे मुंबई-बंगळूर महामार्गापलीकडे गेले, की हिंजवडीत, संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारतींच्या सोबतीने, जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्स ही औषधे व लसी बनविणारी संस्था उभी आहे. पहिल्या ठिकाणी 1955 साली बुरशीपासून पेनिसिलीन निघू लागले आणि दुसऱ्या ठिकाणाहून 2022 साली भारताची पहिली एम-आरएनए लस बाहेर पडली. या दोन्ही औषधांचा मूळ शोध वाकडच्या पंचक्रोशीत लागला नव्हता. तो दूर परदेशी लागला. तथापि शोध लागणे ही एक घटना आहे आणि त्या शोधाचा गुण एखाद्या रुग्णाच्या अंगी लागणे ही सर्वस्वी निराळी घटना आहे, आणि या दोहोंच्या मध्ये जो विस्तीर्ण, खडतर व बहुधा दुर्लक्षित मुलूख पसरलेला आहे, त्याची ओळख करून घ्यायची असेल तर या परिसरासारखे दुसरे सोयीचे ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

पेनिसिलीनची जन्मकथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात 1928 च्या सप्टेंबरात अलेक्झांडर फ्लेमिंगने जिवाणूंच्या एका बशीत बुरशी उगवलेली पाहिली, तिच्या भोवतालचे जिवाणू विरघळून गेलेले पाहिले आणि पुढल्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. पाठ्यपुस्तके येथे थांबतात, आणि हे थांबणे मला नेहमीच अन्यायाचे वाटत आले आहे; कारण त्यानंतरची जवळजवळ दहा वर्षे त्या द्रव्याचा रुग्णांना म्हणावा असा लाभ झाला नाही. ते पाण्यात टिकेना, आम्लात नासू लागले, आणि मिळाले तर इतके थोडे मिळे की त्याची परीक्षा घेण्यापुरतेही पुरू नये. 1940 च्या मे महिन्यात ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी व अर्न्स्ट चेन यांनी आठ उंदरांना मारक जिवाणू टोचले, त्यांपैकी चौघांना पेनिसिलीन दिले आणि तेच चौघे वाचले. परंतु उंदरांकडून माणसाकडे वळताच पुन्हा तीच अडचण आडवी आली. फेब्रुवारी 1941 मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या जंतुसंसर्गाने मरणोन्मुख झालेल्या पोलीस शिपायाला ते औषध देण्यात आले, त्याची प्रकृती सुधारू लागली, साठा कमी पडू लागला तेव्हा त्याच्या मूत्रातून उत्सर्जित झालेले औषध पुन्हा गाळून त्यालाच देण्याची तजवीज झाली, आणि तेही संपल्यावर मार्च महिन्यात तो मरण पावला. औषध गुणकारी होते. ते पुरेसे नव्हते, एवढेच.

ते पुरेसे कसे झाले, याचे श्रेय ज्यांना द्यावयाचे त्यांची नावे फारशी कोणाच्या ओठांवर नसतात. ऑक्सफर्डच्या नॉर्मन हीटलीने बुरशी वाढविण्यासाठी चपटी मातीची भांडी घडवून घेतली आणि आम्लाने द्रव्य विद्रावकात ओढून अल्कलीने पुन्हा पाण्यात आणण्याची युक्ती सुचविली. अमेरिकेतील पिओरिया येथील शेतकी प्रयोगशाळेत मक्याचे पीठसत्त्व काढून उरलेले, एरवी फेकून देण्याजोगे निवळण बुरशीला खाऊ घातले तर उत्पन्न अनेक पटींनी वाढते असे दिसून आले. तेथेच एका नासक्या खरबुजावरची बुरशी अधिक दुभती ठरली. आणि पृष्ठभागावर साय धरू देण्याऐवजी मोठ्या टाकीत, द्रवात बुडवून, हवा घुसळत बुरशी वाढविण्याची पद्धत बसली. या कामांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही. ते मिळाले ते 1945 साली फ्लेमिंग, फ्लोरी व चेन यांना. पारितोषिकांबद्दल तक्रार नाही; परंतु मक्याच्या निवळणाची उपयुक्तता ओळखणे हेही बशीतील बुरशी ओळखण्याइतकेच अव्वल दर्जाचे निरीक्षण होते, हे मान्य केल्यावाचून औषधाचा इतिहास पुरा होत नाही.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा हा मधला मुलूख भारताच्या हाती मुळीच नव्हता. पेनिसिलीन बोटीने येई आणि ज्यांना ते परवडे त्यांनाच मिळे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक मेजर जनरल साहिब सिंग सोखी यांनी, आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींनी, हे औषध देशात, तेही सरकारच्या मालकीच्या कारखान्यात, निर्माण झाले पाहिजे असा आग्रह धरला. जागतिक आरोग्य संघटनेने तांत्रिक साहाय्य व युनिसेफने यंत्रसामग्री देऊ केली, आणि 10 मार्च 1954 रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना होऊन पिंपरीच्या माळावर, मुंबई-पुणे रस्त्यालगत, कारखाना उभा राहिला. त्या वेळी पिंपरी म्हणजे एक लहानसे खेडे, त्यालगत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी, आणि भोवती शेते. आज ज्याला आपण औद्योगिक पट्टा म्हणतो, त्याची बहुतेक धुराडी पुढे उठली.

अशा कारखान्यात नेमके काय चालते, हे थोडे जवळून पाहणे अगत्याचे आहे. कारण ‘बुरशीपासून औषध काढतात’ या वाक्यात ते मावत नाही. काचेच्या नळीत जपून ठेवलेल्या बुरशीचे बीज प्रथम चंबूत, मग लहान टाकीत आणि मग हजारो लिटरांच्या पोलादी टाकीत, अशा पायऱ्यांनी वाढवीत न्यावे लागते. बुरशीला शर्करा हवी, नत्र हवे, आणि विवक्षित जातीचेच पेनिसिलीन हवे असेल तर फेनिलअ‍ॅसिटिक आम्लाचा अंशही हवा. तिला अखंड हवा हवी, परंतु ती हवा निर्जंतुक हवी. कारण पेनिसिलीनचा नाश करणारे पाचकद्रव्य निर्माण करणारे जिवाणू निसर्गात मुबलक आहेत, आणि एखाद्या झडपेच्या फटीतून अशी एक जात जरी आत शिरली, तरी सगळ्या टाकीचा माल मातीमोल होतो. फेस वर येऊ लागला तर तेल सोडावे लागते. उष्णता वाढली तर टाकी थंड करावी लागते. आणि हे सारे दिवस-रात्र, पाळ्या लावून, पाच-सहा दिवस चालते. पुढे बुरशी गाळून काढली, की गार केलेल्या द्रवात आम्ल घालून औषध विद्रावकात ओढून घेतात. ही घटका सर्वांत नाजूक असते, कारण ज्या आम्लतेत पेनिसिलीन विद्रावकात उतरते त्याच आम्लतेत ते नासतेही, आणि म्हणून सारी घाई मिनिटांच्या हिशेबाने करावी लागते. त्यानंतर स्फटिक, त्यानंतर कुपी, आणि प्रत्येक खेपेतील नमुन्याची परीक्षा: गुण किती, जंतू आहेत काय, आणि टोचल्यावर ताप चढविणारे काही द्रव्य मागे राहिले आहे काय, जे त्या काळी सशाला टोचून त्याचे तापमान मोजून ठरवीत. या नोंदींचे दप्तर म्हणजेच रुग्णाला दिलेली हमी होय. खाटेवरील रुग्ण ती कुपी फोडणाऱ्या परिचारिकेवर जो विश्वास टाकतो, तो वस्तुतः पिंपरीतल्या रात्रपाळीच्या त्या अनामिक तंत्रज्ञावर टाकलेला असतो.

पेनिसिलीन ही उसनी विद्या होती. पण उसनी विद्या पुरती अंगवळणी पडली, की तिला स्वतःचे अंकुर फुटू लागतात, आणि पिंपरीत तसेच घडले. कारखान्याच्या संशोधन विभागात म्हैसूरकडून आलेले कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी मातीच्या नमुन्यांची तपासणी करीत असत. चिमूटभर माती पाण्यात कालवून, पातळ करून, पोषक थरावर पसरावी. उगवलेल्या शेकडो वसाहतींपैकी एकेक उचलून कँडिडासारख्या रोगकारक बुरशीसमोर ठेवावी. आणि जिच्याभोवती ती बुरशी वाढू शकत नाही अशी मोकळी वर्तुळाकार जागा दिसेल, तिचा व्यास मिलिमीटरांत मोजून नोंदवावा. बहुतेक वसाहतींच्या वाट्याला शून्याची नोंद येते, आणि दुसऱ्या दिवशी नवी माती घेऊन तोच क्रम पुन्हा चालू होतो. अशा तपासणीत पिंपरीच्याच मातीतील एका स्ट्रेप्टोमायसिस जातीने बुरशीनाशक द्रव्य दिले. जातीला स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना हे नाव मिळाले, द्रव्याला कारखान्याच्या नावावरून हॅमायसिन, आणि 1961 साली कारखान्याच्या स्वतःच्या शास्त्रीय नियतकालिकात त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. ज्या काळात अशा द्रव्यांचा शोध म्हणजे परदेशी कंपन्यांची मिरास समजली जाई, त्या काळात पवनाकाठच्या मातीने दिलेले हे उत्तर पाहून तेथील मंडळींची छाती अभिमानाने भरून आली असेल तर त्यात नवल नाही, आणि आजच्या वाचकालाही तो अभिमान वाटावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मात्र प्रयोगशाळेतील बशी आणि मनुष्यदेह यांत महदंतर असते. हॅमायसिन ज्या कुळातले आहे, त्या कुळातील द्रव्ये बुरशीच्या पेशीभोवतालच्या आवरणातील अर्गोस्टेरॉल नावाच्या घटकाला चिकटतात, आवरणाला भोके पाडतात, आणि पेशीतील क्षार बाहेर झिरपून ती मरते. माणसाच्या पेशीत अर्गोस्टेरॉल नाही, पण त्याचे नातलग कोलेस्टेरॉल आहे. म्हणून औषध शत्रूवर चालते तेव्हा थोडेसे घरच्यांवरही चालते. शिवाय हॅमायसिन पोटातून घेतले असता आतड्यातून रक्तात पुरेसे शोषले जात नाही. अमेरिकेत ब्लास्टोमायकोसिस या खोलवर पसरणाऱ्या बुरशीरोगाच्या रुग्णांवर ते तोंडावाटे देऊन पाहण्यात आले. काहींना गुणही आला. परंतु देहाच्या अंतर्भागातील रोगावर भरवशाचे औषध म्हणून त्याचे स्थान पक्के झाले नाही. ते राहिले लावण्याचे औषध: तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांवर, कानातील बुरशीवर, स्त्रियांच्या योनिमार्गातील संसर्गावर. याला कोणी अपयश म्हणेल. मला ते तसे म्हणवत नाही. एखादे द्रव्य कोठपर्यंत जाऊ शकते याची प्रामाणिक रुजुवात करून घेऊन तेवढ्याच हद्दीत त्याला राबविणे, हे वैद्यकातील सचोटीचेच लक्षण आहे, आणि ज्या बाईच्या तान्ह्याच्या तोंडातले चट्टे त्या औषधाने गेले तिच्या लेखी त्या शोधाचे सार्थक पूर्ण झाले होते.

परंतु न सुटलेला प्रश्न तसाच मागे राहिला होता, आणि तो एकट्या हॅमायसिनचा नव्हता. त्याचे भावंड अँफोटेरिसिन बी, व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतून 1950 च्या दशकात निघालेले, हे जीवघेण्या बुरशीरोगांवरचे जगातील प्रमुख शस्त्र बनले होते. आणि ज्यांनी ते शिरेतून घेतले आहे त्यांना विचारावे, की हुडहुडी भरून ताप येतो तो कसा, आणि मूत्रपिंडे दिवसेंदिवस कशी खंगत जातात. प्रश्न असा होता, की या द्रव्याला बुरशीच्या पेशीपाशी न्यावे आणि मूत्रपिंडापासून दूर ठेवावे, तर कसे? उत्तराचे साधन इंग्लंडमध्ये अलेक बँगम याने 1960 च्या दशकात दाखविलेल्या लिपोसोमांत दडलेले होते. स्निग्ध पदार्थाचे रेणू पाण्यात घातले असता आपणहोऊन दुहेरी पापुद्र्याचे अतिसूक्ष्म गोळे बनवितात, तेच लिपोसोम. अँफोटेरिसिन त्यांत ठेवले, की ते करंजीतल्या सारणासारखे आत न राहता पारीत मळलेल्या मोहनासारखे पापुद्र्यातच मुरते, आणि अशा रीतीने बांधलेले औषध माणसाच्या पेशींना सहजी सुटत नाही, बुरशीपाशी मात्र सुटते.

भारतात या विद्येची उपासना बिमलकुमार बच्छावत या जीवरसायनशास्त्रज्ञाने केली. दिल्ली विद्यापीठातील त्यांच्या प्रयोगशाळेत पिंपरीचे हॅमायसिनही लिपोसोमात घालून रोगी उंदरांवर तपासले गेले, आणि त्याची विषबाधा घटलेली आढळली. रुग्णशय्येपर्यंतचा पुढला प्रवास मात्र अँफोटेरिसिनच्या वाट्याला आला, आणि तो घडला मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात. तेथील सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्राच्या अध्यापक असलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी बच्छावतांच्या कृतीवर आधारलेले लिपोसोमी अँफोटेरिसिन आधी प्राण्यांवर, आणि मग बुरशीरोगाच्या व काळा आजाराच्या रुग्णांवर, पायरीपायरीने तपासले.

परदेशी कंपनीचे तयार लिपोसोमी औषध 1990 पासून युरोपात मिळू लागले होते, पण त्याची किंमत परळच्या सार्वजनिक रुग्णालयात येणाऱ्या माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा जो डॉक्टर सकाळी वॉर्डात त्या माणसाच्या मूत्रपिंडाचे अहवाल पाहतो, त्यानेच दुपारी त्या औषधाच्या घडणीचा विचार करावा, ही जोडणी मला या साऱ्या हकिकतीतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रयोगशाळेतील माणसाला रेणू दिसतो, वॉर्डातील माणसाला वेदना दिसते. दोन्ही एकाच दप्तरात नोंदली जातात तेव्हाच मधला मुलूख ओलांडता येतो. गुरुग्राम येथील एका कंपनीने हे औषध फंगिसोम या नावाने बाजारात आणले. त्याची एक विशेष अट अशी, की कुपीतील मिश्रण रुग्णाला देण्यापूर्वी सुमारे पाऊण तास ध्वनिकंपनाच्या यंत्रात ठेवावे लागते, म्हणजे स्निग्ध गोळे योग्य आकाराचे होतात. अर्थात औषधाच्या घडणीतील शेवटची क्रिया कारखान्यात उरत नाही. ती परिचारिकेच्या हाती, रुग्णाच्या खाटेशेजारच्या खोलीत, घड्याळ लावून पार पडते. आणि ते घड्याळ चुकले तर दिल्लीची विद्या व परळची मेहनत दोन्ही वाया जातात.

या सगळ्याची कसोटी 2021 च्या उन्हाळ्यात लागली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मधुमेह असलेल्या व स्टिरॉइडे दिलेल्या रुग्णांच्या नाकात, डोळ्यांच्या खोबणीत आणि जबड्यात म्युकरमायकोसिस पसरू लागला, ज्याला वर्तमानपत्रांनी काळी बुरशी म्हटले. महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांत तर त्याने कहर केला. मुख्य उपचार दोन: शल्यचिकित्सकाने मेलेला भाग, वेळ पडली तर डोळाही, काढून टाकावा, आणि शिरेतून अँफोटेरिसिन द्यावे. एरवी तुलनेने थोड्या रुग्णांना लागणारे औषध एकाएकी हजारोंना लागू लागले. केंद्राने राज्यांना व राज्याने जिल्ह्यांना कुप्या वाटून देण्याचा अंमल सुरू केला, आणि पुण्यात, पिंपरीत, चिंचवडात, रुग्णांचे मुलगे व भाऊ चिठ्ठी हातात घेऊन एका दुकानातून दुसऱ्या दुकानात हिंडताना दिसले. त्यांच्यापैकी कोणालाही रेणूचा शोध नको होता. तो साठ वर्षांपूर्वीच लागला होता. त्यांना हवी होती भरलेली कुपी, आणि कुप्या भरण्याची क्षमता ही संकट आल्यावर आठवडाभरात उभी करता येत नाही.

हीच गोष्ट पिंपरीनेही दुसऱ्या रीतीने अनुभवली आहे. स्वस्त आयातीपुढे टिकाव न लागून देशातील पेनिसिलीनचे किण्वन एकेक करून थंडावले, एच.ए. आजारी उद्योगांत गणली गेली, आणि ज्या देशाने 1955 साली ही विद्या कमावली होती त्याला मूळ द्रव्यासाठी पुन्हा परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागले. आंध्रातील काकीनाडा येथे 2024 साली पेनिसिलीनचा नवा मोठा कारखाना सुरू झाला, तो सरकारने उत्पादनाशी निगडित अनुदान देऊ केल्यावर. मधला मुलूख एकदा जिंकला म्हणजे कायमचा आपला झाला असे होत नाही. तेथे ठाणे राखावे लागते, पगार द्यावे लागतात, बीजे दर हंगामी ताजी करावी लागतात. एका पिढीने हिशेबाच्या वहीकडे पाहून टाक्या बंद केल्या, तर पुढच्या पिढीला झडपेच्या फटीपासून सारे नव्याने शिकावे लागते.

आता महामार्ग ओलांडून हिंजवडीकडे वळू. कॅतलिन कारिको व ड्र्यू वाइसमन यांनी 2005 साली दाखविले, की पेशीला प्रथिन घडविण्याचा निरोप देणाऱ्या एम-आरएनए या रेणूच्या घटकांत विशिष्ट बदल केला असता देह त्याच्यावर शत्रू समजून तुटून पडत नाही; या शोधाला 2023 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विद्येवर उभ्या राहिलेल्या, कोरोनावरच्या पहिल्या परदेशी लसींपैकी एकीला सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपासची थंडी लागत असे. अशी थंडी बाळगणारी पेटी महानगरातील मोठ्या संस्थेत असू शकते. तालुक्याच्या गावी तिची अपेक्षा करणे व्यर्थ होय. जेनोव्हाच्या तंत्रज्ञांनी आपला एम-आरएनए स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांवर आरूढ केला, आणि ती लस गोठवून, निर्वात जागेत, शुष्क करून कुपीत भरली, म्हणजे ऑक्सफर्डला 1940 साली नासक्या पेनिसिलीनला जपण्यासाठी जी कृती योजली होती तीच. जून 2022 मध्ये लसीला आणीबाणीच्या वापराची मंजुरी मिळाली तेव्हा साथीचा जोर ओसरला होता आणि लोकांचे लसीकरण दुसऱ्याच लसींनी उरकले होते, त्यामुळे तिचा प्रत्यक्ष उपयोग थोडाच झाला. पण तिची साठवण दोन ते आठ अंशांत होते. आणि दोन ते आठ अंश हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील त्या पांढऱ्या, वरून उघडणाऱ्या शीतपेटीचे मान आहे, जिच्यात पोलिओ, गोवर व धनुर्वाताच्या लसी वर्षानुवर्षे ठेवल्या जात आहेत, जिच्या तापमानाची नोंद परिचारिका दिवसातून दोनदा हाताने तक्त्यावर करते, आणि जिच्या मापाने हिंजवडीच्या प्रयोगशाळेला आपली विद्या बेतावी लागली.